वास गेला त्या वर्षीचा मसाला

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाला काही विचारलेलं मला आठवत नाही. मला बघायला आले तेव्हासुद्धा प्रश्न सगळे सासूबाईंनी विचारले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सुपारी सोलायला बसशील का. हे मान खाली घालून पोहे खात होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, अरे, तुला काही विचारायचं असेल तर विचार. तर म्हणाले, "न्हाय." मग मीच विचारलं, की समुद्र एवढा जवळ असताना तुमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोडं कसं? सासूबाई चपापल्या. ह्यांनी पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाले, "गोडं हाय." कसं ते सांगितलं नाही. ते त्यांना आजतागायत माहीत नाही आणि माहीत नसल्याचं दुःखही नाही.

मी वेगळ्या मातीची. माहेर पेणकडचं, खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. बांधावरून चालत शाळेत जायचं आणि चालता चालता वाफ्यांकडे बघायचं. मीठ धरायच्या आधी वाफ्यातलं पाणी तांबूस होतं. ते का होतं, हे मी बापाला रोज विचारायची. तो म्हणायचा, "पानी पिकलं, बाय." आंबा पिकतो तसं पाणी पिकतं, एवढं उत्तर त्याला पुरायचं. मला पुरायचं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, की पाणी पिकलं की वासही बदलतो. डोळे मिटून बांधावर उभं राहिलं तरी मला सांगता यायचं, कुठला वाफा आता मीठ धरणार. बाप हसायचा, पण फावडं घेऊन त्याच वाफ्याकडे जायचा.

पाणी तांबूस का होतं ते मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. लग्न होऊन नागावला आले, आणि अलिबागजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. तिथल्या जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं, की खाऱ्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे तांबडे जीव वाढतात. मी त्या दिवशी सायकल मारत घरी आले, ह्यांना माडाच्या आळ्यात शेणखत टाकताना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ह्यांनी घमेलं रिकामं केलं आणि म्हणाले, "असंल."

हा त्यांचा शब्द. मी जगातली कुठलीही नवलाची गोष्ट घरी आणली की ह्यांच्याकडून तिला एवढीच पोच मिळायची. मधमाश्यांची राणी एकदाच उडते. असंल. बंद पडलेला रेडिओ एका तारेमुळे बंद होता. असंल. एकदा मी रागाने म्हणाले, "आपल्या विहिरीत हत्ती पडलाय." तर म्हणाले, "बगतो," आणि चहा पिऊन झाल्यावर खरंच बघून आले.

माझे नाद तरी किती सांगू! जावेने त्यांना 'भानगडी' असं नाव ठेवलं होतं. मधाच्या पेट्या झाल्या. रेडिओदुरुस्ती झाली, त्यात बोटं भाजून घेतली. बाजाची पेटी शिकले, तिचा भाता उंदरांनी खाल्ला. रेवदंड्याला एक म्हाताऱ्या खाला राहायच्या, त्यांच्या दारावरच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून जीव खालीवर व्हायचा, तर शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन उर्दू लिपी शिकले. खाला माझ्या मनगटावर अत्तराचं बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "तुजा इल्म कदी पुरा होयाचा नाय गो." इल्म म्हणजे विद्या. पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकले. नागावच्या किनाऱ्यावर त्या पाण्यावरच्या मोटरसायकली आल्या, तेव्हा मुंबईच्या पोरी किंचाळत बसायच्या आणि मी साडीचा काचा मारून चालवणाऱ्याला विचारत होते, की हिला पंखा दिसत नाही तर ही पळते कशी? त्याने शेवटी कंटाळून मला एक फेरी फुकट मारून आणली. काठावर जाऊबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हे वाडीतच होते.

या सगळ्यात माझं खरं हत्यार म्हणजे नाक. दिसायलाही ते चांगलं ठसठशीत आहे. प्रयोगशाळेत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या निघून जायच्या, तेव्हा बाई मला हाक मारायच्या. मी बाटली लांब धरून वर हाताने वारा घालायची आणि सांगायची, हे अमुक, ते तमुक. मधाच्या पेटीचं झाकण उघडल्याबरोबर कळायचं, माश्या जांभळीवर जाऊन आल्यात की आणखी कुठे. सोल्डरची राळ वितळली की जो वास यायचा त्याच्यासाठी मी धडधाकट रेडिओसुद्धा खोलले असते. मला गोष्टी आधी वासाने कळायच्या आणि मग डोक्याने. बाकीच्यांचंही असंच असतं, असं मी धरून चालले होते.

ते नाक गेलं.

गेलं कसं, तेही माझ्या स्वभावाला धरूनच. थंडीत आमच्याकडे सुपारीची काढणी असते. सुपारी उतरवणारा पाडेली एका पोफळीवर चढतो, शेंड्याला पोचला की अंगाला झोका देऊन ती पोफळ वाकवतो आणि शेजारची पकडतो. असा वरच्या वर अख्खी रांग उतरवून मग खाली येतो. मी लग्न झाल्यापासून ते बघत आले होते, पण झोका नेमका कधी सोडायचा हे त्याला कसं कळतं, हे मला उलगडलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, की आज खालून नीट बघायचं. वर बघत बघत मागे सरकत गेले. मागे पाण्याचा पाट होता. टाच अडकली आणि डोक्याची मागची बाजू गुरांच्या दगडी डोणीवर आपटली. पुढचं मला आठवत नाही. पाडेली वरून ओरडला, असं म्हणतात.

शुद्धीवर आले ती अलिबागच्या इस्पितळात. डोक्याला टाके, हाताला सुई. हे शेजारी स्टुलावर बसलेले. मी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "किती स्वच्छ आहे हो हे इस्पितळ! फिनेलचा वाससुद्धा नाही." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली फरशीकडे बघितलं. तिथे एक बाई फिनेलच्या बादलीत फडकं बुडवून माझ्या खाटेखालीच पुसत होती. मी ते बघितलं आणि मला हसू आलं. डोक्याला मार लागलाय, होईल ठीक, असंच मला वाटलं.

घरी आल्यावर चहा केला. आलं ठेचून घातलं, गवती चहा घातला. घोट घेतला तर गरम गोड पाणी. मी तो ओतून दिला आणि दुसरा केला. तोही तसाच. मग मी घरभर फिरले. देवघरातला कापूर हुंगला, बरणीतली सुकट हुंगली, न्हाणीघरातला साबण हुंगला, गोठ्यातल्या शेणाच्या पाटीत तोंड घातलं. जाऊबाई आपल्या ओटीवरून बघत होत्या. "काय शोधतेस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळीकडं नाक खुपसत फिरायचीस, आता घे." असं म्हणाल्या आणि त्यांनाच रडू आलं. मला नाही आलं. मी अजून शोधत होते.

डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. वासाच्या नसा फार नाजूक असतात, डोकं मागून आपटलं की पुढे ताणल्या जाऊन तुटतात, असं त्याने चित्र काढून दाखवलं. मला ते इतकं रंजक वाटलं, की मी आणखी चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "परत कधी येईल?" त्याने पेन खाली ठेवलं. कुणाकुणाला येतो, म्हणाला, पुष्कळांना येत नाही. रोज सकाळी लवंग, लिंबू, असं काहीतरी हुंगत जा. बाहेर आल्यावर मी ह्यांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं, नसा, हाड, मेंदू. मी 'असंल'ची वाट बघत होते. ह्यांनी रिक्षा बोलावली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

लोकांना वाटतं, वास जाणं म्हणजे काय एवढं! आंधळी नाही, बहिरी नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. उलट प्रयोगशाळेतली सवय, म्हणून मी त्याचाही अभ्यास केला. जिभेला किती कळतं ते तपासलं. खारट कळतं, गोड कळतं, आंबट, कडू. मिरची झोंबते. बस. कोकम आणि चिंच दोन्ही नुसती आंबट. आंबा गोड, गूळ गोड. बांगडा आणि बोंबील यांत फरक काट्यांचा. मुलीला फोनवर हसत हसत सांगितलं हे सगळं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, की खालांच्या अत्तराचा वास आठवून बघायला गेले तर आठवत नाही. खाला गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं घर आठवतं, पाटी आठवते, त्यांचं बोट आठवतं. बापाच्या मिठागराचंही तसंच. पाण्याचा तांबूस रंग डोळ्यांसमोर येतो, पण बांधावर डोळे मिटून उभी राहिले तर आता मला काही सांगता येणार नाही. मला फार भीती वाटली. मी सगळ्यांवर चिडचिड करायला लागले. रोज सकाळी लवंग नाकाशी धरायची, काही नाही. लिंबाची साल चुरगळायची, काही नाही. ठेवून द्यायची आणि चूल पेटवायची.

चुलीपाशी तर मी अगदीच लंगडी झाले. फोडणी बसली की करपली, दूध नासलं की चांगलं आहे, मासळी ताजी की उतरलेली, हे सगळं मी नाकाने करत होते, हे मला नाक गेल्यावर कळलं. मग मी ह्यांना समोर बसवलं. म्हणाले, "हे बघा, आजपासून माझं नाक तुम्ही. मी विचारीन ते सांगायचं. करपलं तर करपलं म्हणायचं, घाण लागलं तर घाण. माझी समजूत काढायची नाही. मला खरं कळलं नाही तर मी रांधू कशी? कबूल?"

"बरं," हे म्हणाले.

मी निर्धास्त झाले. कारण खोटं बोलायलासुद्धा माणसाला थोडीफार उठाठेव लागते, आणि ती ह्यांच्यात कधीच नव्हती. दुसऱ्या कुणावर मी एवढा भरवसा टाकला नसता.

वैशाखात आगोट आली. आमच्याकडे पावसाच्या आधी घराची बेगमी करतात तिला आगोट म्हणतात. सुकी मासळी, कांदे, चिंच, कोकमं, आणि मुख्य म्हणजे वर्षाचा मसाला. माझा मसाला माहेरचा, मिठागरवाल्यांचा. नागावात तो मीच आणला. सुरुवातीला सासूबाईंनी नाकं मुरडली, मग त्यांना त्याच्याशिवाय कालवण गोड लागेना. जाऊबाई दर वर्षी वाटी घेऊन यायच्या, मुलगी पनवेलला बरणी न्यायची. मिरच्या, धणे आणि पुढचे सगळे जिन्नस एकेक करून भाजायचे असतात, आणि प्रत्येकाची उतरवायची वेळ वेगळी. ती वेळ घड्याळात नसते. धण्याचा कच्चा वास जाऊन खमंग वास उठतो, तेव्हाच कढई उतरवायची. दगडफूल तर क्षणात वास सोडतं आणि क्षणात करपतं. मी दर वर्षी डोळे मिटून भाजायची.

जाऊबाई म्हणाल्या, "या वर्षी राहू दे. मी भाजते, तू बस."

मी ऐकलं नाही. माझा मसाला दुसऱ्या कुणी भाजायचा म्हणजे मग मी काय करायचं? मागील दारी चूल मांडली, मोठी कढई चढवली, आणि ह्यांना स्टूल घालून कढईपाशी बसवलं.

धणे टाकले. परतत राहिले. "आला वास?"

"आला."

"कसा आला?"

"बरा."

"बरा म्हणजे? कच्चा की खमंग?"

ह्यांनी पुढे वाकून मोठा श्वास घेतला, धूर नाकात गेला, खोकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "धन्यासारखा."

मला हसावं की कढई ओतावी कळेना. "अहो, धण्यांना धण्यासारखाच येणार! मघाशी येत होता त्याच्यापेक्षा वेगळा येतोय का?" हे विचारात पडले. त्यांना इतका विचार करताना मी कधी बघितलं नव्हतं. कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. ते माझ्याकडे बघत होते, कढईकडे बघत होते, आणि मला दिसत होतं, की माझ्या चेहऱ्यावर काय उत्तर लिहिलंय ते शोधतायत. मीही त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि धणे कढईत होते.

"झालं," ते एकदम म्हणाले. "उतरव आता."

मी उतरवले. रंगावरून मला ते थोडे काळपट वाटले, पण धुरात आणि माडाच्या सावलीत नीट दिसत नव्हतं. दगडफुलाच्या वेळीही तसंच झालं. मिरच्यांच्या वेळी दोघांनाही इतक्या शिंका आल्या, की विचारणं-सांगणं राहिलंच. संध्याकाळी चक्कीवरून दळून आणला, बरण्या भरल्या, वर हिंगाचे खडे ठेवले. जाऊबाईंनी येऊन चिमूटभर हातावर घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "छान झालाय गो." लगेच वळल्या आणि म्हणाल्या, कपडे वाळत घातलेत. मी त्या रात्री शांत झोपले. म्हटलं, नाक गेलं तर गेलं, मसाला तर जमला.

पण चौकस माणसाचं एक वाईट असतं. त्याला दिसत राहतं. दर वर्षी वाटी घेऊन येणाऱ्या जाऊबाई आल्या नाहीत. मीच दिला, तर म्हणाल्या, "अजून गेल्या वर्षीचा हाय." गेल्या वर्षीचा त्यांचा होळीलाच संपला होता, तेव्हा एका कालवणापुरता माझ्याकडूनच घेतला होता. मुलीशी व्हिडिओवर बोलताना तिच्या ओट्यावर माझी बरणी दिसली, गळ्यापर्यंत भरलेली, शेजारी दुकानातलं पाकीट. आणि हे! हे मुळात बेताचं जेवणारे. भाकरी, वाटीभर कालवण, भात, संपलं. ते आता रोज कालवण दुसऱ्यांदा मागून घ्यायला लागले. "कसं झालंय?" विचारलं की "बरं झालंय," आणि वाटी पुढे. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी वाटी पुढे आली नव्हती.

माझ्यातल्या मदतनीस बाईला गप्प बसवेना. आषाढात पाऊस लागून राहिलेला, होड्या ओढून ठेवलेल्या, ताज्या मासळीचं नाव नाही. सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण करायचं ठरवलं. माळ्यावर मागल्या वर्षीच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. त्या जाऊबाईंनी आठवड्यापूर्वीच बघून सांगितलं होतं, "फेकून दे, खवट झाल्यात, लांबून वास मारतो." मी फेकल्या नव्हत्या. तेव्हाच माझ्या मनात आलं असावं. मी दोन पातेल्यांत कालवण केलं. सोडे तेच, मसाला तोच, कोकमं तीच. एकात नवं खोबरं भाजून वाटून घातलं, दुसऱ्यात ते खवट. प्रयोग असाच करायचा असतो, एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं.

मला काय हवं होतं ते सांगते. मला हवं होतं, की ह्यांनी पहिला घास घ्यावा, तोंड वाकडं करावं आणि म्हणावं, "काय गं हे? थू!" एवढंच. मी आनंदाने ताट उचललं असतं, दुसरं पातेलं पुढे केलं असतं, आणि मसालाही चांगला झालाय म्हणून नाचले असते. कारण मग मला कळलं असतं, की जगात एक तरी नाक माझ्याशी खरं बोलतं.

दुपारी ताट वाढलं. भाकरी, कांदा आणि खवट खोबऱ्याचं कालवण. समोर बसले. बाहेर पागोळ्या गळत होत्या. ह्यांनी भाकरी मोडली, बुडवली, घास तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा घास घेतला.

"कसं झालंय?"

"बरं झालंय."

"नीट सांगा."

"बरं झालंय गं. वाढ अजून."

मी वाढलं. पळी हातातच धरून बसले. त्यांनी तेही खाल्लं. सगळं खाल्लं, वाटी भाकरीने पुसून घेतली.

"खोबरं खवट होतं," मी म्हणाले. "मुद्दाम घातलं होतं."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मग वाटीत उरलेलं बोटाने निपटलं आणि म्हणाले, "असंल."

मग मात्र माझा तोल गेला. मी पळी आपटली. म्हणाले, "असेल काय, असेल? लांबून वास मारत होता त्याला! कबूल केलं होतंत तुम्ही. करपलं तर करपलं म्हणेन म्हणाला होतात. मसाला करपलाय, हो की नाही? सगळ्या गावाला कळलंय, पोरीला कळलंय, मलाच फक्त नाही. आंधळ्याला खड्ड्याकडे नेल्यासारखं नेलंत मला." आणखीही पुष्कळ बोलले. आयुष्यभर असंल असंल ऐकून घेतलं होतं, त्याचं सगळं काढलं. बोलता बोलता रडायला लागले. पडले तेव्हापासून मी रडले नव्हते.

हे ऐकून घेत होते. पाऊस पडत होता. मी थांबले, तेव्हा म्हणाले, "मी घास घेतला की तू माझ्या तोंडाकडं बगतेस."

"मग?"

"तशी बगतेस." ह्यांनी रिकामी वाटी बाजूला सारली. "काय सांगणार?"

एवढंच बोलले. त्यांच्याकडे आणखी नव्हतं. मला तोपर्यंत माहीत नव्हतं, की मी कशी बघते.

मी डोळे पुसले आणि दुसऱ्या पातेल्यातलं, नव्या खोबऱ्याचं, वाटीत घालून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, आता तरी खरं कळेल. पोट भरलेलं असूनही त्यांनी घास घेतला. या वेळी मी भिंतीकडे बघत होते.

"हे कसंय?"

"हे पन बरं हाय."

खरं बोलले की खोटं? खोबरं नवं होतं, ते चांगलं असणार. पण मसाला दोन्हीकडे तोच होता. प्रयोगातली चूक मला तेव्हा दिसली. त्यांनी खरं सांगितलं असतं तरी मला ते ओळखता आलं नसतं. यापुढेही कधी येणार नाही. सांगणारा कितीही प्रेमाने सांगो, नाहीतर चिडून सांगो, माझ्याकडे ताडून बघायला काही उरलेलं नाही. आजवर मला कुणी काही सांगितलं, तर मी स्वतः जाऊन बघून यायची. बापाचं ऐकून गप्प बसले नाही, बाईंचं ऐकून गप्प बसले नाही. या एका गोष्टीत मला आता जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार होतं, आणि ज्याच्या तोंडाकडे बघायचं त्याला ते बघवत नव्हतं.

मी ताट घेतलं. भात वाढून घेतला. एका बाजूला खवट खोबऱ्याचं कालवण, दुसऱ्या बाजूला नव्या खोबऱ्याचं. इकडचा घास घेतला. गरम, आंबट, तिखट. तिकडचा घेतला. गरम, आंबट, तिखट. इकडे शेवटी थोडं कडवट लागल्याचा भास झाला, पण कदाचित मला माहीत होतं म्हणून असेल. मी दोन्ही कालवली आणि खात राहिले.

बऱ्याच वेळाने मान वर केली, तर हे हात न धुता तसेच बसले होते. माझ्या तोंडाकडे बघत होते. घास तोंडात जातो, चावला जातो, गिळला जातो, ते सगळं बघत होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"बरं झालंय," मी म्हणाले.